शिक्षक वाढले, पण पट किती?

दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी एक आलेख दाखवला होता. २००० साली दोन्ही आकडे १०० धरायचे. मग एक रेषा भारतातल्या प्राथमिक शिक्षकांची, दुसरी जगाची. कोणती रेषा वर, कोणती खाली, यावर मी पाच मिनिटं रंगून बोललो. मागच्या रांगेतल्या एका निवृत्त गुरुजींनी एवढंच विचारलं, "आणि पट?"

माझ्या आलेखात मुलंच नव्हती.

असे आलेख तुम्हालाही सतत दिसत असतील. माझा पहिला आक्षेप छेदावर आहे. मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि पटसंख्या १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. त्यासाठी सुमारे २० हजार अप्रशिक्षित शिक्षक घाईघाईने भरले गेले. शिक्षकांची रेषा उभी चढली, पण ती सुबत्तेची नव्हती, धावपळीची होती. उलट जपानमध्ये मुलंच कमी होतायत. तिथली सपाट रेषा म्हणजे हेळसांड नव्हे.

दुसरं म्हणजे, ‘जग’ हा काही तटस्थ पंच नाही. जगाच्या बेरजेत भारत आणि चीन एवढे मोठे आहेत की भारताची तुलना जगाशी करताना आपण थोडीफार स्वतःशीच करत असतो. आधी भारत वजा करा, मग तुलना करा. (मी केलं नव्हतं.) शिवाय युनेस्कोच्या व्याख्येत पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोन्ही शिक्षक येतात, मोजली जातात ती डोकी.

बरं, छेद घेतला की प्रश्न सुटतो का? इथेच खरी गंमत आहे. यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातल्या शालेय शिक्षकांची संख्या १ कोटीच्या पुढे गेली. पायाभूत स्तरावर एका शिक्षकामागे १० विद्यार्थी, पूर्वतयारी स्तरावर १३. वाचून वाटतं, आता काय हवं? पण त्याच अहवालात १,०४,१२५ एकशिक्षकी शाळा आहेत आणि त्यांत जवळपास ३४ लाख मुलं. भागाकार करून बघा: शाळेमागे सरासरी ३२ मुलं. शिक्षण हक्क कायद्यातल्या ३० च्या प्रमाणाला अगदी चिकटून! मात्र त्याच कायद्याच्या परिशिष्टात, पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत असं लिहिलंय. कारण उघड आहे. ३२ मुलं एका वर्गात बसवणं वेगळं आणि पाच इयत्तांची ३२ मुलं एकट्याने सांभाळणं वेगळं. त्यात पोषण आहाराची नोंद, बैठका, ऑनलाइन माहिती भरणं. शिक्षक रजेवर गेला की शाळाच रजेवर.

याच अहवालात एकही विद्यार्थी नसलेल्या ७,९९३ शाळा आहेत आणि त्यांत २० हजारांवर शिक्षक. हे सगळे त्या १ कोटीत धरलेले आहेत आणि सरासरी खाली ओढतायत.

आणखी एक खाच: २०२२-२३ पासून यूडायस प्लस प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतं. मंत्रालय स्वतःच सांगतं की आधीच्या वर्षांशी याची काटेकोर तुलना होत नाही. तरी लोक (मीही) २००० पासून एकच अखंड रेषा ओढतात.

आता माझ्या प्रबंधात तो आलेख नाही. त्याजागी जिल्हानिहाय एकशिक्षकी शाळांचा नकाशा करतोय. दिसायला तो फारच ओबडधोबड आहे, आणि गुरुजींना अजून दाखवायचाय.