ढिगाऱ्याकडे न फिरकणारा सिनेमा

‘रंग दे बसंती’ (२००६) परवा हिंगोलीत गच्चीवर, मोबाइलवर पुन्हा पाहिला आणि या वेळी खटकला. मिग-२१ कोसळतं, शहर वाचवताना वैमानिक अजय जातो, संरक्षणमंत्री त्यालाच दोष देतो. इथवर पकड जबरदस्त. पुढे मोर्चा, लाठीमार आणि मग मंत्र्याला गोळ्या. विमान जिथे पडलं, त्या जागेकडे कथा परत फिरकतच नाही.

आमच्याकडे सर्व्हर पडला की आधी लॉग वाचतात. रानात विखुरलेलं विमान हा तसाच लॉग. इंजिनाची पाती कशी वाकलीत, यावरून पडताना इंजिन फिरत होतं का ते कळतं. दिग्दर्शक राकेश ओमप्रकाश मेहरांना त्यात रस नाही. त्यांना शोक हवाय. (‘लुका छुपी’त लताबाईंचा आवाज लागला की मीही विरघळतो, ते वेगळं.)

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ला राजस्थानात सुरतगडला मिग-२१ कोसळून गेला. ठपका त्याच्यावरच आला. आई कविता गाडगीळ त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. पत्रं लिहून, प्रश्न विचारून. पडद्यावर ते कंटाळवाणं वाटेल कदाचित. मला मात्र तोच सिनेमा बघायचाय.