माळशेजपेक्षा निघोज

माळशेज घाटाला दाद द्यायला रसिक असावं लागत नाही. टोकावडं मागे पडलं की सह्याद्रीची भिंत समोर येते आणि तिच्या अंगावर कोरलेला रस्ता आपल्याला वर घेऊन जातो. श्रावणात धबधबे थेट रस्त्यावर उतरतात आणि पाण्याहून माणसांचा लोंढा मोठा असतो. म्हणून कल्याण-नगर महामार्गावरची ही वाट मला आश्विनात आवडते. धुकं हटलेलं असतं, धारा बारीक झालेल्या असतात आणि त्यांच्यामागचा कडा नीट दिसतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाचे आडवे थर इथे उभे चिरल्यासारखे उघडे पडले आहेत. घट्ट काळ्या कातळाची धार, तिच्याखाली सच्छिद्र, लवकर झिजणारा थर, त्याच्या उतारावर गवताचा पट्टा. मग पुन्हा धार, पुन्हा गवत. पलीकडच्या हरिश्चंद्रगडालाही हीच लय आहे. उभ्या रेषेचा धाक आणि आडव्या रेषेचा ठेका, या दोन्हींच्या ओढाताणीत माळशेजचं रूप आहे. पाणी हा नुसता अलंकार.

घाटमाथा ओलांडला की हा आवेश ओसरतो. पिंपळगाव जोग्याचा जलाशय, ओतूर, आळेफाटा, कांद्याची शेतं. बहुतेकांच्या गाड्या त्याआधीच परत फिरलेल्या असतात. दगड तोच, पण कडा गेलेला. आता जे काही नाट्य आहे ते पायांखाली शोधायचं.

आळेफाट्याच्या पुढे बोरीला, कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून. तिच्या वयावरून संशोधकांत बराच वाद झाला. डोळ्यांना ती फारसं काही देत नाही. पण लाव्हाच्या या देशात समुद्रापलीकडची राख पाहुणी म्हणून यावी, याची मजा वाटते. आणे घाटातला गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूलही वाकडी वाट करून पाहावा. ओढ्याने खालचा कातळ पोखरून नेला आणि वरचा तेवढा कमानीसारखा उरला.

मग बेल्ह्याहून अळकुटीमार्गे निघोज. इथली पहिली खुबी अशी की काठावर पोचेपर्यंत काहीच दिसत नाही. सपाट माळ, बाभळी, कुंडाकाठचं मळगंगेचं देऊळ, आणि एकदम जमीन फाटलेली. कुकडीने कातळात अरुंद, खोल घळ कापली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगरतात, कातळ खरवडतात, स्वतः झिजून संपतात. त्यांची जागा नवे घेतात. एखादा खळगा वाटीएवढा, एखाद्यात माणूस उभा मावेल. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत पातळ होते, तिला भोक पडतं, पुढे ती कोसळते आणि दोन्ही एक होतात. घळ वाढते ती अशी. झुलत्या पुलावर उभं राहिलं की या सगळ्या अवस्था एकाच वेळी समोर असतात.

माळशेजला पाहताना वाटतं, या कातळाला सरळ रेषेखेरीज दुसरं काही येत नाही. निघोजला तोच कातळ एकही रेघ सरळ काढत नाही. नुसती वळणं, वाट्या, कमानी, कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारख्या. दिवसभराच्या प्रवासाचं सगळं सार्थक मला या उलटापालटीत वाटतं. आधी निघोज पाहून मग घाट उतरणाऱ्याला ती हाती लागेल का, याची मला शंका आहे. प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडेच करावा.

मोठ्या पुरात, किंवा वरच्या धरणांतून पात्रात पाणी सोडलं की, खळगे बुडतात. तेव्हा आधी चौकशी करून जावं. काठ गुळगुळीत आणि डोह खोल आहेत. माणिकडोह आणि येडगाव या धरणांनी कुकडी अडवल्यापासून तिचा पूर पूर्वीसारखा मोकाट येत नाही. त्यामुळे आज आपण पाहतो ते बरंचसं धरणांआधीच्या कुकडीचं काम आहे.