सातशे रुपयांचा गवई

परीक्षण पुस्तकाचे करावे, नाटकाचे करावे, फार तर चित्रपटाचे करावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. आजवर मीही तो पाळत आलो. पण गेल्या वर्षभरात ज्या कृतीने माझे सर्वांत अधिक तास घेतले, ती छापखान्यातून आलेली नाही, रंगभूमीवर आलेली नाही, आणि तिच्या कर्त्याचे नावही तिच्यावर कुठे आढळत नाही. ती म्हणजे गोंदियाच्या बाजारात ७०० रुपयांना घेतलेला गाण्याचा डबा. वाचकहो, दिवाळीच्या फराळाला बसलेल्या मंडळींपुढे असल्या क्षुल्लक वस्तूचे गुणदोष मांडणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु या डब्याने माझ्या घरात जो प्रश्न उभा केला, तो मला पुष्कळ कादंबऱ्यांनी उभ्या केलेल्या प्रश्नांहून अवघड वाटला.

डबा घेतला तो आत्याबाईसाठी. माझे वडील गेल्यापासून त्यांच्या बहिणीची भाऊबीज मीच नेतो. आत्याबाई अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या अलीकडे एका लहानशा गावात राहते. वयाने पंच्याहत्तरी ओलांडलेली. डोळे अधू, कान मात्र शाबूत. तिच्याजवळ एक जुना ट्रान्झिस्टर होता. त्यावर मध्यम लहरींवर नागपूर केंद्र लागत असे. १९४८ साली सुरू झालेले हे केंद्र म्हणजे तिच्या लेखी नागपूर शहराचेच दुसरे नाव. तो ट्रान्झिस्टर मुका झाला, दुरुस्त करणारा कोणी उरला नाही, आणि सायंकाळ सुनी जाऊ लागली. म्हणून दोन वर्षांपूर्वी बल्लारशाच्या गाडीत बसलो, तेव्हा लुगड्याच्या घडीत हा डबा होता.

आता परीक्षणाच्या रीतीप्रमाणे प्रथम गुण सांगतो.

पहिला गुण साठवणीचा. दुकानदाराने ८ जीबीचे नखाएवढे कार्ड आत सरकवले आणि म्हणाला, "दोन हजार गाणी आहेत, साहेब." मी हिशेब करून पाहिला. नेहमीच्या एमपी३ पद्धतीने मिनिटभराच्या गाण्याला सुमारे एक एमबी जागा लागते. चार मिनिटांचे एक गाणे धरले तर दोन हजारांचा आकडा बरोबर येतो. रोज चार तास ऐकले तरी एक गाणे दुसऱ्यांदा यायला महिना लोटेल. कोणत्या संस्थानिकाच्या पदरी एवढे गवई होते?

दुसरा गुण विजेरीचा. जुन्या नोकिया फोनमध्ये असे तीच बीएल-५सी बॅटरी यात बसते. ती खेड्यातल्या मोबाईलच्या दुकानातही मिळते आणि नखाने काढून बदलता येते. महागड्या यंत्रांची विजेरी पोटात कायमची चिकटवलेली असते. ती संपली की यंत्रही संपले. गरिबाच्या वस्तूला दुरुस्ती हाच मोठा अलंकार, आणि तो येथे आहे.

तिसरा गुण, हात मोकळे राहतात. आमच्या भागात बायका ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. डोळे तेंदूच्या पानावर, बोटे तंबाखूत. अशा वेळी ज्याकडे बघावे लागते ते करमणुकीचे साधन निरुपयोगी. डबा खांबाला टांगला की चार घरच्या बायकांना एकदम ऐकू जातो.

दोषांची यादी याहून लांब आहे. आवाज पत्र्याचा. पंजाएवढ्या डब्यातल्या इवल्याशा पडद्याला हवेचा मोठा लोट हलवता येत नाही, त्यामुळे खर्ज उमटत नाही. तबला ऐकू येतो तो फक्त चाटीचा. डग्गा जणू शेजारच्या गावात वाजतो आहे. शिवाय एमपी३ हा प्रकारच मुळी गाळून घेतलेल्या आवाजाचा. मोठ्या आवाजाखाली दडपून जे कानाला ऐकू येणार नाही असे गणिताने ठरते, ते काढून टाकतात आणि मूळ तबकडीच्या दहाव्या-अकराव्या हिश्शाइतकीच जागा व्यापतात. गोंदियाच्या वाचकाला हे सांगण्यास फार शब्द नकोत. आमच्या भातगिरण्यांतून तांदूळ पॉलिश होऊन निघतो तसेच हे आहे. शुभ्र दिसतो, टिकतो, पोत्यात नीट बसतो. कोंड्याबरोबर काय गेले ते जाणकाराच्या जिभेलाच कळते. आमच्या आत्याबाईच्या कानाची तक्रार नव्हती, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

दुसरा दोष, डब्याला मराठी वाचता येत नाही. कार्डावर गाण्याचे नाव देवनागरीत लिहिले तर पडद्यावर नुसत्या चौकटी उमटतात. गाणी अक्षरक्रमाने लागत नाहीत. ज्या क्रमाने कार्डावर भरली त्या क्रमानेच येतात. म्हणून पहाटे भूपाळीनंतर कव्वाली आणि कव्वालीनंतर लग्नातले बॅण्डचे गाणे, अशी मैफल रंगते. तिसरा दोष, रेडिओ आहे पण तो एफएमचा. त्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच धावतात. त्या गावात नुसती खरखर ऐकू येते. मध्यम लहरींची सोय डब्यात नाही, तेव्हा आत्याबाईचे नागपूर तिला परत मिळाले नाही ते नाहीच.

चौथा दोष डब्याचा नव्हे, आपला आहे. कार्ड भरून देणाऱ्या दुकानदाराने त्या दोन हजार गाण्यांपैकी एकाच्याही गायकाला, कवीला किंवा संगीतकाराला छदाम दिलेला नसतो. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ सालापासून आहे. आणि मीही दुकानात उभा राहून मुकाट्याने पैसे मोजले. या बाबतीत २०१७ साली निघालेला 'सारेगामा कारवां' निराळा ठरतो. त्यात ५,००० जुनी हिंदी गाणी भरलेली असतात आणि ती त्या कंपनीच्या स्वतःच्या भांडारातली असतात. मात्र सुरुवातीला त्याला सहा हजारांच्या आसपास मोजावे लागत. ज्याला परवडेल त्याने सरळ मार्गाने जावे, एवढेच येथे म्हणतो.

येथवर लिहून मी थांबलो असतो, तर हे परीक्षण बाजारातल्या माहितीपत्रकाहून फारसे वेगळे झाले नसते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईने मला एक प्रश्न विचारला. डबा रात्रभर तिच्या उशाशी होता. ती म्हणाली, "हा त दिवसभर गाते रे बाबू. पन याले आयकू येते का?"

मला अर्थ कळला नाही. तेव्हा ती पुढे म्हणाली, "सगरे गाने हायेत. आमचा रोवन्याचा गाना नाई."

आमच्या झाडीपट्टीत आषाढ-श्रावणात भाताचा रोवणा चालतो. गुडघाभर चिखलात, बांधीत ओळीने वाकून बायका परे रोवतात आणि रोवता रोवता गातात. एका बाजूच्या बाया ओळ टाकतात, दुसऱ्या बाजूच्या उचलतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्र रात्र दंडार चालते, झाडीपट्टीची नाटके उभी राहतात. त्यांना प्रेक्षक असतात, पडदा असतो, अलीकडे चित्रफितीही निघतात. रोवण्याच्या गाण्याला प्रेक्षक नाही. ते फक्त गाणारणीचे. दोन हजारांत ते नव्हते, आणि कुठल्या कंपनीच्या पाच हजारांतही मला ते मिळाले नसते.

मग मी डबा हातात घेऊन नीट पाहिला. कडेला एक कळ होती आणि तिच्याशेजारी टाचणीच्या टोकाएवढे भोक. ती ध्वनिमुद्रणाची कळ होती! खरेदी करताना दुकानदाराने तिचा उल्लेख केला नव्हता, आणि मीही विचारले नव्हते.

या कळीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला, तो बोलणारा होता तसाच ऐकणाराही होता. त्याच नळकांड्यावर आवाज कोरता येई आणि परत ऐकता येई. पुढे तबकडी आली आणि घरातल्या यंत्राचे कान गेले. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले ते कंपनीच्या माणसांनी. ग्राहकाच्या वाट्याला केवळ ऐकणे आले. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली तेव्हा सामान्य माणसाच्या यंत्राला पुन्हा कान फुटले. आणि १९७९ साली सोनीचा वॉकमन निघाला, तो मुळात बातमीदारांसाठी केलेल्या ध्वनिमुद्रकावरून घेतलेला होता. खिशात मावावा व गाणे चांगले वाजावे म्हणून त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकली. जगभर नावाजलेल्या त्या यंत्राने जे टाकून दिले, ते या निनावी डब्याने ठेवले आहे. कोणत्या विचाराने ठेवले, हे त्याच्या कर्त्यालाच ठाऊक. परंतु टीकाकाराने कृतीकडे पाहावे.

त्या दिवशी दुपारी आत्याबाईने शेजारच्या मैत्रिणीला हाक मारली. दोघी एकाच वर्षी सुना होऊन या गावात आलेल्या, आणि रोवणीत एक या टोकाला तर दुसरी त्या टोकाला. डबा पाटावर ठेवला. दोघींनी आळीपाळीने अकरा गाणी म्हटली. मध्ये कोंबडा आरवला, कोणी तरी पाणी मागितले, एका गाण्यात दोघी हसत सुटल्या. आवाज बारीक आला, पण आला. संध्याकाळी तोच डबा दोघींनी खांबाला टांगला आणि स्वतःलाच ऐकत बसल्या. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे त्यांना त्या वयात पहिल्यांदाच कळत होते.

आता सर्वांत मोठा दोष. पुढच्या उन्हाळ्यात कोणी तरी हौसेने ते कार्ड नवी गाणी भरून घ्यायला एका दुकानात नेले. जागा करण्यासाठी तेथे कार्ड साफ केले गेले. दुकानदाराचा दोष म्हणावा तर त्याला कोणी सांगितले नव्हते. आत्याबाईचा म्हणावा तर ते कार्ड पुसता येते, हेच तिला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. घरी संगणक असताना त्या अकरा गाण्यांची नक्कल मी केली नव्हती. पुढल्या खेपेला करू म्हणून ठेवून दिली होती.

बातमी कळून मी पुन्हा गेलो, तोवर पाऊस येऊन गेला होता आणि ती मैत्रीणही गेली होती. आत्याबाईने डबा पुढ्यात घेतला आणि आपली बाजू म्हटली. एक ओळ गाई आणि थांबे. जेवढा वेळ पलीकडची बाई घेत असे, तेवढाच वेळ थांबे, आणि मग पुढची ओळ. मी म्हटले, "आत्याबाई, तिचीही ओळ तूच म्हण ना." ती म्हणाली, "ते तिचं होतं." अशी पाच गाणी कार्डावर आहेत. त्यांतल्या मोकळ्या जागांत डब्याने बाहेरच्या पावसाची गळती टिपली आहे.

बहिणाबाई चौधरी १९५१ साली निवर्तल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. त्या स्वतः निरक्षर होत्या. घरच्यांनी ती गाणी ऐकून कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून आज आपल्यापाशी आहेत. ती वही हरवली असती तर? आपण त्या खानदेशी घराला धन्यवाद देतो आणि आपल्या घरी कळ दाबायची राहून जाते. कागदाची वही जळाली तर डोळ्यांना दिसते. कार्ड पुसले गेले तर जसेच्या तसेच दिसते, एवढाच फरक.

तेव्हा माझा अभिप्राय असा. गाणे ऐकण्याचे साधन म्हणून हा डबा मध्यम प्रतीचा आहे. उत्तम गाण्याचा नाद असलेल्याने तो घेऊ नये; त्याला डग्ग्यावाचून करमणार नाही. विडी वळणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, रात्री झोप न येणाऱ्या माणसाला तो पैशाच्या मोबदल्यात पुरेपूर सोबत देतो. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: विजेरी बदलता येते काय, कळा अंधारात बोटांना कळतात काय, आणि ध्वनिमुद्रणाची कळ आहे काय. आणि घेतल्यावर एक गोष्ट करावी, जी डबा स्वतः कधीच करणार नाही: घरच्या माणसाचा आवाज त्यात शिरला की त्याच दिवशी त्याच्या दोन नकला दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. ऐकण्याचे काम यंत्राने केले. जपण्याचे काम त्याच्याकडे दिलेले नाही.

यंदा भाऊबीजेला लुगड्याबरोबर दोन कोरी कार्डे नेतो आहे. गावची मंडई त्यानंतर चार दिवसांनी आहे; मंडईच्या गलबल्यात काही घेता येणार नाही, म्हणून आधीच जाऊन राहणार. आत्याबाईने निरोप पाठवला आहे की तिला आणखी तीन गाणी आठवली आहेत, आणि पलीकडच्या आळीतली एक सून दुसरी बाजू शिकायला तयार आहे.