आतड्याचा पिनकोड : एका लाडक्या उपमेची झाडाझडती

पॉडकास्टच्या एका भागात मी बिनधास्त बोलून गेले होते, "केमोकाइन म्हणजे पेशींसाठीचा पिनकोड." वाक्य लोकांना आवडलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. इथे नेदरलँड्समध्ये सेमिनारमध्येही मी हेच सांगते, फक्त पिनकोडच्या जागी 'पोस्टकोड' म्हणते.

मग एका श्रोत्याचा प्रश्न आला. त्याच्या बहिणीला क्रोन्सचा आजार आहे, म्हणजे तिच्याच रोगप्रतिकारक पेशी तिच्या आतड्यात सतत दाह पेटता ठेवतात. त्यानं विचारलं, "हा पिनकोडच खोडून टाकला तर त्या पेशी तिथे जाणार नाहीत ना? मग तसं औषध का देत नाहीत?"

प्रश्न सरळ होता, आणि मी दिलेल्या उपमेतूनच निघाला होता. अडचण एवढीच की तसं औषध बनवून, तपासून झालेलं आहे आणि ते चाललं नाही. का चाललं नाही, हे मात्र माझ्या उपमेतून सांगता येत नव्हतं. म्हणून आज तिचीच तपासणी.

आधी तिची बाजू ऐकू. टी पेशी रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सीसीएल-२५ नावाचं केमोकाइन सोडतात आणि ते ओळखणारा रिसेप्टर, सीसीआर-९, काही टी पेशींच्या अंगावर असतो. ज्यांच्याकडे तो आहे, त्या तिथे थांबतात. हा रिसेप्टर त्यांना देतं कोण? २००४ मध्ये जपानमध्ये माकोटो इवाटा आणि सहकाऱ्यांनी याचं सुंदर उत्तर दिलं. आतड्याजवळच्या डेंड्रायटिक पेशी आहारातल्या 'अ' जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल बनवतात आणि तेच टी पेशीवर आतड्याचा शिक्का मारतं. उंदरांना 'अ' जीवनसत्त्व मिळालं नाही, तर त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तरात टी पेशी कमी दिसतात. म्हणजे गाजर-पालकातलं जीवनसत्त्व पेशीचा पत्ता लिहितं! इतकी देखणी गोष्ट असताना पिनकोड सुचला नाही तरच नवल.

आता औषधाकडे येऊ. व्हर्सिर्नॉन हे सीसीआर-९ अडवणारं औषध, तोंडावाटे घ्यायची गोळी. क्रोन्सच्या ६०८ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. २०१३ मध्ये कळलं की मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. बारा आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांत साधारण चौथ्या हिश्श्याला बरं वाटत होतं, आणि नुसती प्लासिबोची गोळी घेणाऱ्यांतही जवळपास तेवढ्यांनाच.

या अपयशाचं एकच कारण सिद्ध झालेलं नाही. पण उपमेनं काय काय झाकलं होतं, ते मात्र आता दिसतं.

एक, पत्ता आतड्याचा नव्हताच, आतड्याच्या एका भागाचा होता. सीसीएल-२५ लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात भरपूर असतं, पुढे कमी होत जातं आणि मोठ्या आतड्यात फारच थोडं असतं. क्रोन्स मात्र बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला आणि मोठ्या आतड्यात ठाण मांडतो. "आतड्याचा पिनकोड" म्हणताना कित्येक फूट लांबीचा अवयव मी एका गल्लीत कोंबला होता.

दोन, पोचणं ही एक घटना नसून साखळी आहे. १९९१ मध्ये यूजीन बुचर यांनी मांडलं की रक्तातली पेशी आधी रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडते, मग केमोकाइनचा इशारा मिळतो, मग तिचे इंटिग्रिन घट्ट पकड घेतात आणि मग ती भिंत ओलांडून आत शिरते. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच पायऱ्या "तीन (किंवा अधिक)" असं म्हटलंय. तो कंस मला फार प्रामाणिक वाटतो. आम्ही नंतर तो कंस पुसला आणि मधली एकच पायरी मिरवत राहिलो. २०१४ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळालेलं व्हेडोलिझुमॅब केमोकाइनच्या रिसेप्टरला हातच लावत नाही. ते अल्फा-४ बीटा-७ हा इंटिग्रिन अडवतं, म्हणजे पत्ता तसाच ठेवून दाराची कडी धरतं. त्याचा अनेक रुग्णांना उपयोग होतो, सगळ्यांना नाही.

तीन, आधीच घरात असलेल्यांचं काय? दाह पेटवणाऱ्या बऱ्याच पेशी अस्तरात मुक्कामाला असतात. त्यांच्यासाठी पत्ता खोडून काय उपयोग? शिवाय दाह आटोक्यात ठेवणाऱ्या पेशींनाही आत यायचं असतं. चांगल्यांसाठी एक पिनकोड आणि वाइटांसाठी दुसरा, अशी सोय निसर्गानं केलेली नाही.

आता जवळचं उदाहरण, कारण टीका फक्त लांबच्यांवर करणं सोपं असतं. ॲमस्टरडॅममध्ये रेना मेबिअस यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की उंदराच्या भ्रूणात लसिका ग्रंथी कुठे तयार होणार, हे सीएक्ससीएल-१३ या केमोकाइनवर ठरतं आणि ते सुरू करतं पुन्हा तेच रेटिनोइक आम्ल. शेजारच्या चेतापेशींत हे आम्ल बनवणारी विकरं सापडली. प्रौढ उंदरांत परासंवेदी चेतांना उत्तेजन दिल्यावर आतड्यात हे केमोकाइन वाढलं. हा शोधनिबंध मला मनापासून आवडतो. कारण इथे पत्ता आधीपासून छापलेला नाही, तो चेता, आहार आणि वेळ मिळून लिहितात. पण त्यात लेखकांनी जपून म्हटलंय की आम्ल चेतापेशींकडून येत *असावं*. आमच्या स्लाइडवर येईपर्यंत ते "येतं" झालं. माझ्याही.

इथल्या पोस्टकोडमध्ये चार आकडे आणि दोन अक्षरं असतात. सोबत घरक्रमांक दिला की पत्र थेट दारात पडतं. माणसाचं नाव नसलं तरी चालतं. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला आपला पिनकोड तसा नाही. तो सहा आकड्यांत फक्त पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो. पुढे "मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी" लागतं, आणि ते वाचून घर ओळखणारा पोस्टमन लागतो. म्हणजे उपमा मोडीत काढायची गरज नाही. मी तोंडानं पिनकोड म्हणत होते आणि डोक्यात डच पोस्टकोड होता, चूक ती होती.

त्या श्रोत्याला मी आता असं लिहिलंय : तुझा प्रश्न बरोबर होता, माझं वाक्य अर्धवट होतं. केमोकाइन पेशीला गावापर्यंत आणतं. दार कोण उघडतं, आत आधीपासून कोण बसलंय आणि तुझ्या बहिणीचा दाह नेमका आतड्याच्या कुठल्या भागात आहे, यावर पुढचं ठरतं. तिच्या डॉक्टरांशी बोलताना हा शेवटचा प्रश्न जरूर विचार.

पुढच्या भागात मी पिनकोड म्हणेनच, सवय जात नाही. पण या वेळी मारुतीचं देऊळ विसरणार नाही.