लोहाचा तक्ता आणि त्यात नसलेले दार

'लोहयुक्त आहार' हा तक्ता शाळेच्या भिंतीवर हमखास दिसतो. पालक, गूळ, खजूर यांची चित्रे, मधोमध 'हिमोग्लोबिन' हा शब्द आणि चहूकडून त्याच्याकडे जाणारे बाण. चित्रे सुबक असतात. तक्रार आहे ती बाणांबद्दल.

खाल्लेले लोह सरळ रक्तात जाते, असे हे बाण सांगतात. प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि आतड्यातून रोज आत येते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. नव्या तांबड्या पेशींसाठी मात्र रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागते. मग बाकीचे येते कुठून? प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडतात आणि त्यांतले लोह परत करतात. तक्त्यात या पेशींना जागाच नाही.

दारही नाही. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात उतरते ते फेरोपोर्टिन या प्रथिनातून. पुढे ट्रान्सफेरिन ते वाहून नेते. भक्षक पेशींनाही हेच दार असते. यकृतातले हेप्सिडिन हे संप्रेरक फेरोपोर्टिनला चिकटले, की पेशी ते प्रथिनच मोडून टाकते. दार बंद! लोह आत फेरिटिनमध्ये अडकून पडते. इतका कडक पहारा का? मोकळे लोह पेशींना घातक असते आणि जादा लोह बाहेर टाकण्याची खास सोय शरीराकडे नाही.

हेप्सिडिनचे हे काम २००१ ते २००४ या काळात उलगडले. तेव्हा जुन्या तक्त्याला दोष देता येणार नाही. पण आज नव्याने छापतानाही बाण तेच?

दीर्घ संसर्गात हेप्सिडिन वाढते, आणि ताटात लोह असूनही रक्ताला मिळत नाही. अंकुशकृमी रक्त शोषतात, पाळीतून लोह जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आहार अपुरा असतोच. पण फिकट दिसणाऱ्या मुलीला 'तू भाजी खात नाहीस' एवढेच सांगून आपण मोकळे होतो, ते या बाणांच्या भरवशावर. तिला तपासणीची गरज असते, बोल लावण्याची नव्हे.

तक्ता काढून टाकू नका. बाणांच्या वाटेत एक दार काढा आणि वर्गाला विचारा : हे उघडते कोण, आणि बंद कधी होते?