आकडा घसरला की व्याख्या?

संशोधन प्रस्तावाच्या प्रस्तावनेत हे वाक्य तुम्हाला हमखास भेटेल: ‘भारतातलं अंधत्व २००६-०७ मधल्या १ टक्क्यावरून २०१५-१९ मध्ये ०.३६ टक्क्यांवर आलं.’ दोन्ही आकडे सरकारी सर्वेक्षणांचे आहेत. तुलना मात्र चुकीची आहे.

आधी चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० पेक्षा कमी असलेली व्यक्ती अंध धरली जायची. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे ही सीमा ३/६० वर आणली. आता एक आजी डोळ्यांसमोर आणा. तक्त्यावरचं सर्वांत वरचं मोठं अक्षर तिला सहा मीटरवरून दिसत नाही, चार मीटरवरून दिसतं. जुन्या हिशेबात ती अंध, नव्या हिशेबात नाही. मोतीबिंदू मात्र तसाच!

मग तुलना कशी करायची? व्याख्या एक ठेवा, वयोगट एक ठेवा. पन्नाशीपुढच्यांमध्ये ३/६० च्या निकषाने आधी ३.६ टक्के अंधत्व होतं, नंतर १.९९ टक्के. म्हणजे घट खरी आहे, पण ती निम्म्याहूनही कमी आहे. पहिलं वाक्य दाखवतं तशी जवळपास दोन-तृतीयांश नाही.

नव्या अहवालात त्या आजीसाठी ‘तीव्र दृष्टिदोष’ असा वेगळा रकाना आहे. तुम्ही तो वाचला नाही, तर शस्त्रक्रियेने दिसू लागतील अशी माणसं तुमच्या प्रस्तावातूनच गळतात. म्हणून टक्केवारी उचलण्याआधी व्याख्येचं पान उघडा.