खवले दिसले, पण जीव कोणता?

आज एका जुन्या शोधनिबंधाची चिकित्सा करू. १९७६ साली आयरीन मॅन्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात समुद्री शैवालांची एक नवी प्रजाती मांडली, ‘टरिस्फेरा’. नमुने पश्चिम ग्रीनलंड, अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या वायव्य मार्गातले. लीड्स विद्यापीठातून निवृत्त होऊन बाईंना तेव्हा सात वर्षं झाली होती, बरं का!

जीव एकपेशीय, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. पोहायला दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे धागे, आणि अंगभर चुन्याचे खवले. साध्या सूक्ष्मदर्शकात या खवल्यांची घडण कळतच नाही. मग पाण्याचा थेंब बारीक जाळीवर घ्यायचा, ऑस्मियमच्या वाफेने पेशी आहे तशी स्थिर करायची, वाळवायची, मीठ धुऊन काढायचं आणि निर्वातात तिरक्या कोनातून धातूचा पातळ थर चढवायचा. त्यामुळे खवल्याची जणू सावली पडते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याची उंचीसुद्धा समजते.

या चित्रांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. टरिस्फेराचा खवला म्हणजे बारीक स्फटिकांचा मनोरा. कार्ल टांगेन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या ‘पॅपोस्फेरा’चा खवला मात्र उंच दांडीवर उमललेल्या पेल्यासारखा. रूप इतकं वेगळं, म्हणून प्रजातीही वेगळी.

आमचा आक्षेप इथेच आहे. वेगळ्या प्रजातींची नावं मिळालेली दोन खवलेधारी शैवालं ही एकाच जीवाच्या दोन अवस्था असू शकतात, हे मेरी पार्क आणि अ‍ॅडम्स यांनी १९६० मध्येच प्रयोगशाळेत वाढवून दाखवलं होतं. पार्क तर मॅन्टनबाईंच्या अनेक वर्षांच्या सहकारी! मग केवळ खवल्यांवरून नवी प्रजाती मांडताना हात थोडा आखडता घ्यायला हवा होता. अर्थात, वाळवलेली पेशी पुढच्या अवस्थेत जात नाही. हाताशी वाढवलेला जीव नसेल तर खवल्यांवरच विसंबावं लागतं, हेही खरं.

१९९१ मध्ये हेल्गे थॉमसेन आणि सहकाऱ्यांना आर्क्टिकच्या नमुन्यांत अशा पेशी सापडल्या, की एकाच अंगावर मनोरेही होते आणि पेलेही. बाईंची वर्गवारी त्यांनी मोडली. पण मनोरा ओळखता आला तो बाईंच्याच चित्रांमुळे, हे विसरून चालणार नाही.

नावाचा हा घोळ नुसता कागदावरचा नाही. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि चुन्याचे खवले धरून ठेवणं अवघड होतं. म्हणून ध्रुवीय समुद्रात या शैवालांची मोजणी महत्त्वाची ठरते. आता समजा, यंदा मनोरेवाले कमी भरले. जीव घटला, की त्याने फक्त अवस्था बदलली? खवल्याच्या नावाने मोजलं तर उत्तर चुकणारच.

टरिस्फेरा आर्क्टिकाला आता पॅपोस्फेरा आर्क्टिका म्हणतात. जुने तक्ते वाचताना दोन्ही रकाने एकत्र धरा. चला, आता प्रश्न घेऊ.